पुलोबाचा पुर्जा

आमच्या गावचा पूल गावात नाही. तो कोसभर वर, दुसऱ्यांच्या शिवारात आहे. ताडकळसच्या बाजाराकडून येणारा रस्ता सरळ आमच्या ओढ्यापर्यंत येतो, काठावर थबकतो आणि मान वळवून कोसभर भटकून येतो. पाहुणे विचारतात, हा काय शहाणपणा? मी सांगते, मधे देव बसलाय. आपल्याकडं घर हलवता येतं, गाव हलवता येतं, वेळ आली तेव्हा निजामसुद्धा हलवता आला. पण ज्याला एकदा शेंदूर लागला ते काही हलत नाही. आम्ही मुंबई राज्यात गेलो तेव्हा नव्या सरकारचे मापवाले पूल बांधायला आले. दुर्बिणीला डोळा लावून बघतात तर नेमका रेषेत देव. त्यांनी देवाला हात जोडले, कागदावरची रेघ वर सरकवली आणि आमच्याकडचं जेवून गेले.

आता हा देव कोण, म्हणाल, तर फौजेची पूल घालायची गाडी. थट्टा करत नाही. साखळीच्या चाकांवर बसलेली, चिलखत घातलेली, चांगली हत्तीएवढी गाडी. जिचा जन्मच पूल घालायला झाला, तिनंच आमचा पूल अडवला. असली अक्कल विकत मिळत नाही, ती गावाच्या रक्तातच असावी लागते.

मी त्या गावची सून. माझं माहेर ओढ्याच्या पलीकडं, पाच-सात घरांची वाडी. आमच्या परसात उभं राहिलं की आईच्या चुलीचा धूर दिसायचा. वडील गेलेले, भाऊ नाही, आईच्या डोळ्यांत फूल पडत चाललेलं, म्हणून तिनं मला मुद्दाम जवळ दिलं. पोरगी नशीबवान, हाकेच्या अंतरावर माहेर, असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांनी ओढा फक्त उन्हाळ्यात बघितला होता.

ओढा रुंदीला फार नाही, वीस-एक हात. पण काठ काळ्या मातीचे, सुरीनं कापल्यासारखे उभे, आणि पूर्णा नदीला पाणी आलं की ते मागं सरकून ओढ्यात तुंबायचं. एकदा तुंबलं की दिवाळीशिवाय हटायचं नाही. ताडाची खोडं टाकून झाली होती, ती दर वर्षी वाहून जायची आणि दर वर्षी नवी टाकली जायची. निजामाचे पैमाईशवाले साहेबही येऊन गेले होते. ते साखळी टाकून ओढा मोजायचे, कोंबडी खायचे आणि जायचे. ओढा तेवढाच राहिला, कोंबड्या कमी झाल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला आई त्या काठावर आली आणि मी ह्या काठावर. पाण्याच्या आवाजात ओरडून ओरडून दोघींचे घसे बसले. तिनं माझ्यासाठी ज्वारीच्या लाह्या आणल्या होत्या. फडक्यात बांधून फेकल्या, त्या मधेच पाण्यात पडल्या. तिला दिसलं नाही. तिनं विचारलं, पोचल्या का. मी म्हटलं, पोचल्या.

आमच्या सासूबाईंचा त्या ओढ्यावर मात्र फार जीव. त्यांचं म्हणणं, देवानं ओढा समजून-उमजून घातला. सून चार महिने कामाला लागते, माहेरच्या नावानं उंबऱ्याबाहेर पाय काढत नाही. त्या वाईट होत्या असं नाही. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं जातं ओढलं होतं, आता दुसऱ्यानं ओढावं एवढीच त्यांची माफक इच्छा होती, आणि दुसरी म्हणजे मी. आमचे मालक भले माणूस. आईचं पटायचं, बायकोचंही पटायचं, आणि दोन्ही पटलं की ते शेतात निघून जायचे.

अशात भाद्रपदात पोलिस ॲक्शन झाली. सकाळपासून धडधड ऐकू येत होती. रझाकार आले समजून आम्ही बायका ज्वारीत जाऊन लपलो. मग निरोप आला की बाहेर या, आपली फौज आहे. बाहेर येऊन बघतो तर ओढ्याच्या काठावर रणगाडे लागलेले, आणि सगळ्यांत पुढच्या रणगाड्याला तोफच नाही. गावाची मोठी निराशा झाली. इतकी वर्षं वाट बघितली आणि भारत सरकारनं बिनतोफेचा रणगाडा पाठवला, असं पाटील उघड बोलले. तोफेच्या जागी त्याच्या पाठीवर लोखंडाचं काहीतरी दुमडून ठेवलं होतं.

मग ती गाडी काठाला आली, आतून घरघर झाली आणि पाठीवरचं ते लोखंड उभं राहिलं. अडकित्ता उघडावा तसं उघडलं आणि सावकाश पलीकडच्या काठावर जाऊन टेकलं. पूल झाला. चुलीवर चहाला आधण येईपर्यंत झाला. पैमाईशवाल्यांना कोंबड्या घालून घालून म्हातारे झालेले आमचे लोक बघत राहिले. सगळी फौज त्यावरून धडाधड पलीकडं गेली.

शेवटी राहिली ती गाडी. तिला आता आपला पूल पाठीवर घ्यायचा होता. घरघर झाली, पूल वीतभर उचलला आणि आतून कडाडकन आवाज आला. उचलायच्या यंत्रातल्या एका दातेरी चाकाचे दात तुटले. पूल परत खाली बसला, गाडी तेवढी जरा मागं घेऊन उभी केली. फौजेचा साहेब इंग्रजीत काय बोलला ते कळलं नाही, पण सूर अगदी घरातला होता. आठ दिवसांत नवा पुर्जा येईल असं सांगून, दोन जवान राखणीला ठेवून तो पुढं गेला. चार-पाच दिवसांत लढाई संपली. निजाम शरण आला. पुर्जा आला नाही.

दोन जवानांपैकी एक काही महिन्यांनी परत गेला, दुसरा राहिला. तो हिमालयाकडचा कुठला तरी, थोराड, मिशाळ माणूस. गाव त्याला फौजीच म्हणायचं. भाषेची अडचण आली नाही. दोनशे वर्षं निजामाच्या कचेरीत हुजूर-हुजूर करून आमच्याकडच्या म्हशींनासुद्धा उर्दू कळत होती. त्याला भाकरी-ठेचा लागू झाला, आम्हाला पुर्जा हा शब्द लागू झाला. गावात काहीही अडलं की लोक म्हणायचे, पुर्जा आला न्हाई.

आणि मी पूल ओलांडायला लागले.

पुलाला मधे जमीनच नव्हती. दोन बाजूंना चाकांपुरत्या दोन लोखंडी पट्ट्या आणि मधे खाली वाहतं पाणी. पहिल्यांदा मी ती पट्टी बसून, सरकत सरकत पार केली. आई ओसरीत बसली होती. मी समोर उभी राहिले तरी तिला वाटलं शेजारीण आली. हात लावला तेव्हा ओळखलं. भर पावसाळ्यात पोरीला हात लागतोय म्हणून ती इतकी रडली की मलाच रागवावं लागलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी, भांडी झाली की मी आईकडं. तिचं दळण, पाणी, वेणी-फणी करायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. ह्या एका गोष्टीत आई सासूबाईंपेक्षा कडक. सून सासरी निजली पाहिजे, माझ्यापायी तुला बोल लागता कामा नये, असं म्हणून ती मला अक्षरशः हाकलायची. एक रात्र राहते म्हटलं तर जेवायची नाही. सासूबाई इकडं कुरकुरायच्या की दुपारची झोप गेली, पण गावची सगळीच बायका-माणसं पुलावरून जायला लागली होती, एकट्या सुनेला काय म्हणून अडवणार?

आता सगळं गाव मनातून एकच प्रार्थना करत होतं, की पुर्जा येऊ नये. पूल उचलणारी गाडी दुरुस्त झाली की पूल गेला. आणि सरकारची लीला बघा, सरकार गावाच्या बाजूनं होतं. वर्षभरानं पिंगळीच्या स्टेशनवर एक भलं मोठं लाकडी खोकं उतरलं. बैलगाडीत घालून आणलं. सगळं गाव खोक्याभोवती जमलं. फौजीनं पहारीनं फळ्या उचकटल्या, तर आत साखळीचे जोड. साखळी धडधाकट होती, तिला काही झालं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात दुसरं खोकं आलं. त्यात दातेरी चाकच होतं, पण दुसऱ्याच जातीच्या रणगाड्याचं, आमच्या गाडीत बसेना. तिसऱ्या खोक्यात ग्रीस. ग्रीस मात्र उत्तम होतं, गावच्या सगळ्या बैलगाड्यांची चाकं त्या वर्षी मुक्यानं चालली. फौजीनं नजर दुसरीकडं केली.

दर वेळी चुकीचा पुर्जा निघाला की गावात गूळ वाटायचे. फौजी एकटाच तोंड पाडून बसायचा. तो पुर्जा आल्याशिवाय त्याला घर दिसणार नव्हतं, आणि तो आला की मला आई दिसणार नव्हती. मी त्याला भाकरी द्यायला जायचे तेव्हा हे दोघांनाही ठाऊक असायचं. त्यामुळं आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

खोक्यांच्या फळ्या मात्र वाया गेल्या नाहीत. गावानं त्या पुलाच्या मधल्या फटीवर टाकल्या, वर माती घातली आणि बैलांनाही जाता येईल असा रस्ता केला. त्यातली एक फळी नीट बसलीच नाही. तिच्यावर पाय पडला की ती खालच्या लोखंडावर धाडकन आपटायची. वाडीपर्यंत आवाज जायचा. आई त्या आवाजावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. माझा पाय तिला आवाजावरून ओळखू यायचा म्हणे. माझ्या पायात वजन काय असणार, पण तिचा तसा दावा होता.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर फौजीला हुकूम आला की साहेब स्वतः नेमका तोच पुर्जा घेऊन येतोय. गावात सुतक पडल्यासारखं झालं. पाटलांनी पारावर माणसं बोलावली. एकानं सांगितलं साहेबाला अर्ज देऊ, दुसऱ्यानं सांगितलं कोंबडी देऊ. आणि मग आमच्या गुरवाला ती अक्कल सुचली. गुरव म्हणजे मारुतीच्या देवळाचा पुजारी, दिवसभर रिकामा. तो म्हणाला, शेंदूर लावून टाकू. शेंदूर लागला की देव झाला, आणि देवाला हात लावायची छाती कुठल्या फौजेला आहे?

हे सगळ्यांना एकदम पटलं. खंडेनवमीला आम्ही नांगर, विळे, जाती, सगळं पुजतो. त्या गाडीलाही फौजी दर खंडेनवमीला झेंडू वाहायचाच. म्हणजे ती निम्मी देव आधीच झाली होती. प्रश्न एवढाच उरला की शेंदूर लावायचा कशाला, पुलाला का गाडीला. आमचे मालक घरी येऊन सांगत होते की त्यावर घटकाभर मोठा वाद झाला, पण शेवटी निर्णय धर्माला धरून लागला. पुलावरून माणसं जातात, गुरं जातात, शेण पडतं. ज्याला पाय लागतात त्याला शेंदूर लावला तर गावाला पाप लागेल. तेव्हा शेंदूर गाडीला. सासूबाई म्हणाल्या, बराबर हाय. मी म्हटलं, बरोबर आहे. आमचं दोघींचं एकमत झालेला तो पहिला विषय.

दुसऱ्या दिवशी तेलात कालवून घमेलंभर शेंदूर त्या गाडीच्या तोंडाला फासला. पुढच्या दोन दिव्यांवर चांदीचे डोळे बसवले, वर घंटा टांगली. म्हसोबा, खंडोबा, तसा पुलोबा. फौजी आधी संतापला. ही सरकारी वस्तू आहे, हिची मोजदाद होते, असं ओरडला. मग गुरवानं त्याच्याही कपाळाला तोच शेंदूर लावला. माणूस देवभोळा. त्यानं बूट काढून ठेवले आणि त्या दिवसापासून गाडीवर चढताना तो आधी पाया पडायला लागला.

आणि साहेब आलाच नाही. का आला नाही कुणास ठाऊक, बदली झाली असेल, सरकारात काय होत नाही? पण गावानं ठरवलं की पुलोबानं त्याला वाटेतच रोखला. मग काय विचारता. कुणाची हरवलेली म्हैस सापडली ती पुलोबामुळं, कुणाला मुलगा झाला तो पुलोबामुळं. लिंगायत वाण्याच्या घरून सोमवारी बेल यायला लागला. गुरव अंगानं भरला.

मीही दर शुक्रवारी नारळ फोडायचे. बाकीचे मागायचे पुर्जा येऊ देऊ नको. मला पुर्ज्याचं काय करायचं होतं? मी म्हणायचे, बाबा रे, आईचे आता थोडेच दिवस राहिलेत, मला तिच्यापासून तोडू नको. आई तोवर पुरती आंधळी झाली होती, अंथरुणालाच खिळली होती. वाडीतल्या बायका चांगल्या, पण कुणाच्या म्हातारीला कोण किती दिवस भरवणार?

एका शुक्रवारी बघते तर माझ्या शेजारी सासूबाई नारळ घेऊन उभ्या. मला भरून आलं. म्हटलं, माझ्या आईसाठी आल्या. त्यांनी नारळ फोडला, डोळे मिटले आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "पुलोबा, हा पूल एकदाचा जाऊ दे रे बाबा. सून घरात राहू दे." पुलोबालाच सांगत होत्या, पूल जाऊ दे म्हणून. गुरवानं दोघींचा प्रसाद एकाच ताटात ठेवला.

चौथ्या ज्येष्ठात, पावसाची दोन-तीन झोडपणी होऊन ओढ्यात पाणी तुंबलं होतं, तेव्हा फौज आली. मी सकाळीच आईला भरवायला पलीकडं गेले होते. धडधड ऐकून काठावर आले. समोरच्या काठावर सगळं गाव जमलेलं. फौजेची एक लॉरी, आणि तिच्यामागं आमच्या पुलोबाचीच धाकटी बहीण म्हणावी अशी कोरी करकरीत गाडी, पाठ मोकळी. मधे पाणी, पण वीस हातांवरचं सगळं दिसत होतं आणि बरंचसं ऐकू येत होतं.

साहेब ह्या वेळी मराठी होता, पुण्याकडचा, फार शुद्ध बोलायचा. त्याला पुलोबाची महती सांगितली. तो हसला नाही. त्यानं बूट काढले, टोपी काढली, देवाला नमस्कार केला आणि लॉरीतून एक खोकं उतरवून घेतलं. त्यात पुर्जा होता, बरोबर पुर्जा, त्याच गाडीचा, त्याच चाकाचा, सगळे दात शाबूत. इतक्या वर्षांनी सरकारला तो सापडला होता. साहेब म्हणाला, ही गाडी आता आम्ही बाद केली आहे, तुमच्या देवाला आम्ही हात लावणार नाही, आणि हा पुर्जाही आता दुसऱ्या कशाला चालत नाही, तेव्हा देवापुढंच ठेवा. गुरवानं तो दोन्ही हातांनी घेतला. आजही तो पुलोबापुढं आहे, त्याच्या दातांच्या फटीत उदबत्त्या खोचतात.

गावाला काय आनंद झाला. पुलोबाच्या नावानं चांगभलं झालं, साहेबाच्या गळ्यात हार पडला, गूळ आला. मीही पलीकडून हात जोडले. आणि तेवढ्यात ती नवी गाडी पुढं सरकली आणि पुलाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

पाटील हातातला गुळाचा खडा तसाच धरून पुढं झाले. "साहेब, हात लावनार न्हाई म्हनले ना तुमी?"

साहेब शांतपणे म्हणाला, "देवाला नाहीच लावत. पुलाला शेंदूर कुठं आहे?"

सगळं गाव खाली पुलाकडं बघायला लागलं. तीन वर्षांचं शेण आणि चिखल, शेंदराचं बोटसुद्धा नाही. धर्म पाळला होता ना आम्ही. अजून एक घमेलं शेंदूर घ्यायला काही वेळ लागला नसता, पण पाप लागलं असतं.

साहेबानं दवंडी दिल्यासारखं ओरडून सांगितलं, पलीकडं कुणी असेल, गुरंढोरं असतील तर आत्ताच अलीकडं या, मग वाट राहणार नाही. वाडीकडं शेतात गेलेले आमच्या गावचे लोक धावत आले, दोन गाड्या आल्या, शेळ्या आल्या. सासूबाई समोर उभ्या राहून हातवारे करत होत्या. देव पावला होता त्यांना, चेहरा नुसता उजळला होता. "ये गं, लौकर ये, काय करायलीस तिथं?"

मी एक पाय पुलावर टाकला. ती सैल फळी धाडकन वाजली. तो आवाज वाडीपर्यंत गेला असणार. मागं आई एकटी होती आणि आभाळ पूर्णेच्या अंगानं काळं होत आलं होतं. हा पाय उचलून पुढं टाकला की दिवाळीपर्यंत मागं नाही, आणि दिवाळीपर्यंत आई नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. मी पाय मागं घेतला.

"पूल काढा, साहेब," मी ओरडले. "मी हितलीच हाय."

सासूबाईंचा हात वर होता तो वरच राहिला. मालकांनी डोक्याचं मुंडासं काढून परत बांधलं. मग घरघर झाली, पूल उठला, फळ्या आणि माती भसाभस पाण्यात पडली आणि अडकित्ता मिटून त्या गाडीच्या पाठीवर बसला. फौजी लॉरीत चढला. त्यानं आधी पुलोबाला सलाम ठोकला आणि मग ओढ्यापलीकडं, मला.

घरी आले तर आईनं विचारलं, कसला गलबला होता. मी सांगितलं, पुलोबाची जत्रा. पूल गेला म्हणून सांगितलं असतं तर तिनं मला त्याच पावली, पाण्यातून, हाकललं असतं, नाहीतर अन्न सोडलं असतं. म्हणून मी रोज दिवस मावळताना म्हणायचे, येते गं आई. बाहेर जाऊन गोठ्याच्या कडेला बसायचे. ती झोपली की हळूच आत येऊन उंबऱ्याशी पडायचे. सकाळी बाहेरून यायचे, आले गं. ती म्हणायची, पुलोबाचं भलं होवो, पोरीची वाट उघडी ठेवली त्यानं.

इकडं सासूबाई दर दोन दिवसांनी काठावर यायच्या आणि पाण्यावरून ओरडून विचारायच्या, मीठ कुठं ठेवलंस, पापडखार कुठं हाय, म्हैस दूध का चोरायली. त्यांच्या हाताला जात्याचे फोड आल्याचं मालकांनी काठावरून सांगितलं. मला दया आली. अगदी खरं सांगते, थोडी उशिरा आली, पण आली.

नवरात्र बसलं आणि आई उतरली. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "फळी वाजायची बंद झाली ना, तवाच कळलं गं मला."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस.

"बोलले असते तर जा म्हनावं लागलं असतं तुला."

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले. त्यानंतर गोठ्याच्या कडेला बसायचं नाटक बंद झालं. उरलेल्या रात्री मी तिच्या शेजारी निजले, आणि ह्या एका गोष्टीत कडक असलेली माझी आई काही बोलली नाही. दसरा झाला आणि ती गेली.

कार्तिकात पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा मी ओढा उतरून सासरी आले. सासूबाई समोरच पुलोबाच्या ओट्यावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहून गुरवाकडून दोन नारळ घेतले.

"आता आनि काय मागतीस?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काही नाही, नवस फेडते. एक माझा, मला आईपासून तोडू नको म्हणून केला होता तो. आणि एक तुमचा, पूल जाऊ दे म्हणून केलेला. तो तुम्ही अजून फेडला नाही, त्याचं फळ मात्र मला मिळालं, आणि मी फुकटचं खाणारी नाही.